ट्रिफीचं स्वच्छ हृदय

"मरायचंच होतं तर त्या जेवणाच्या आधी मरायला हवं होतं मी," ट्रिफी म्हणत होती. "आता कुठल्या तोंडानं मरू?"

"मर असं कोण म्हणतंय? हॉस्पिटलात चल म्हणतोय." हा हेडलीचा आवाज.

"आत्ताच तर जाऊन आले."

"आत्ताच? पानं झडत होती तेव्हा गेलीस, बाई. बाहेर बघ, खाडी गोठलीय."

"हेडली, माझ्या हृदयापायी गावानं टर्की खाल्ल्या. पाद्र्यानं देवाचे आभार मानले. गॅरेटनं अकॉर्डियन वाजवलं. तू पण नाचलास, गुडघे धरून. आता त्याच लोकांना जाऊन सांगू, परत दुखतंय म्हणून?"

"दुखतंय तर दुखतंय."

"दुखत नाहीये. डॉक्टरनं सांगितलं ना, स्वच्छ आहे. स्वच्छ वस्तू कशाला दुखेल?"

"मग पहाटे खुर्ची धरून उभी का असतेस?"

मग ट्रिफी हळूच म्हणाली, "तेव्हा तू झोपलेला असतोस."

"मी फक्त डोळे मिटून असतो," हेडली म्हणाला.

हे भांडण मी ऐकलं ते त्यांच्या मासळीच्या खोपटामागे, माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. खोपटाच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या, त्यामुळे कान लावायचे कष्ट मला घ्यावे लागले नाहीत. हातातली चादर थंडीनं फळीसारखी ताठ झाली होती आणि ती धरून मी नवऱ्याची पँट वाळत घालणाऱ्या बाईला शोभेल अशा चेहऱ्यानं उभी होते.

ट्रिफी म्हणजे ट्रायफीना पार्डी. आमच्या गल कोव्हमध्ये, म्हणजे खाडीकाठच्या आमच्या मासेमारीच्या गावात, तिला पूर्ण नावानं फक्त पाद्री हाक मारायचा, तोही वर्षातून एकदा. माझं घर आणि तिचं घर यांच्यात एक कुंपण होतं, ते एका वादळात पडलं आणि मग दोघींपैकी कोणीच ते उभं केलं नाही. ती माझ्याहून थोडी मोठी. ठेंगणी, रुंद, चालताना जरा डावीकडे झुकणारी. बोलायची कमी, पण जे बोलायची ते दुसऱ्या दिवशी गावभर झालेलं असायचं.

तिचं गावातलं काम एकच, पण ते दुसऱ्या कोणाला जमलं नाही. रविवारी पहाटे चर्चची शेगडी पेटवायची. आमचं चर्च टेकडीवर, लाकडी, समुद्राकडे तोंड करून बांधलेलं. ज्यानं बांधलं त्याला वारा माहीत नसावा. आत एक जुनी लोखंडी शेगडी. ती पेटायला आढेवेढे घ्यायची, धूर आत सोडायची, आणि नवख्या माणसानं हात लावला तर सगळं गाव प्रार्थना खोकत म्हणायचं. आधी हे काम ट्रिफीच्या आईकडे होतं. आई गेली त्या आठवड्यापासून ट्रिफी ओच्यात ढलप्या घेऊन टेकडी चढू लागली. जाता जाता माझ्या खिडकीच्या तावदानावर टकटक करायची. म्हणजे, उठ, चहा ठेव, देवाला तोंड दाखवायचंय. माझ्या घरात घड्याळ होतं, पण रविवारी त्याच्याकडे कोणी बघत नसे.

आता त्या जेवणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

आमच्या किनाऱ्यावर हृदय म्हणजे ब्लॉकेज. दुसरं काही आम्हाला माहीत नव्हतं. हेडलीचा बाप होडीत वल्हं हातात धरून गेला. भाऊ जाळं ओढताना. कोणाला वेळेत शहरात नेलं, नळीत जाळी बसवली आणि माणूस परत आला, तर गाव चर्चच्या हॉलमध्ये जेवण घालायचं. टर्की, खारवलेलं मांस, कोबी, वाटाण्याचं पुडिंग, आणि मग टेबलं भिंतीला लावून नाच. जेवण झालं की विषय संपला. माणूस बरा. दुसऱ्या दिवशी त्याला लाकडं फोडायला बोलवायलाही कोणी संकोच करत नसे. एकाच दुखण्यासाठी दोनदा जेवण घातल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

ट्रिफीला पहिल्यांदा दुखलं ते पहाटे, स्वयंपाकघरात, पाव मळताना. छातीवर कोणीतरी गुडघा रोवून बसलंय असं वाटलं, असं ती नंतर मला म्हणाली. जबड्यापर्यंत कळ गेली. तरी तिनं पीठ ओल्या फडक्यानं झाकलं आणि मगच हेडलीला उठवलं. त्यानं तिला ट्रकमध्ये घातलं. तिथून ॲम्ब्युलन्स, तिथून शहरातलं मोठं हॉस्पिटल. तिथं रक्त तपासलं. डॉक्टर पोरसवदा होता पण वागायला चांगला. म्हणाला, हृदयाला इजा झाली की रक्तात एक गोष्ट वाढते, ती तुमच्या रक्तात वाढलीय. मग मनगटातून तार घालून अँजिओग्राफी केली, आणि तो हसत हसत परत आला.

"मिसेस पार्डी, तुमच्या नळ्या एकदम स्वच्छ आहेत. माझ्या अशा असत्या तर मी खूश झालो असतो."

"मग रक्तातलं ते?" हेडलीनं विचारलं.

"कधीकधी वाढतं तसं. दगदग, काळजी. जरा विश्रांती घ्या."

त्यानं काळजीच्या गोळ्या लिहून दिल्या. ट्रिफी आयुष्यात कधी काळजी करत बसली नव्हती, तिला वेळच नव्हता. पण डॉक्टरनं सांगितलं म्हटल्यावर ती गोळ्या खाऊ लागली आणि काळजी नसल्याची काळजी करू लागली.

इकडे हेडलीनं हॉस्पिटलातूनच फोन करून बातमी दिली, ट्रिफीचं हृदय स्वच्छ आहे. गल कोव्हनं असं काही ऐकलंच नव्हतं. इथं लोक जाळी बसवून यायचे, छाती उघडून यायचे, पेटीतून यायचे. स्वच्छ हृदय घेऊन आलेली ही पहिलीच. मग काय, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं जेवण झालं. मीसुद्धा पुडिंग केलं. तिला टेबलाच्या मधोमध बसवलं. पाद्री उठून म्हणाला, ज्यांचं अंतःकरण निर्मळ ते धन्य, आणि आपल्या ट्रायफीनाला तर डॉक्टरांनी तसा दाखलाच दिला आहे. लोक हसले. ट्रिफी पण हसली. मी तिच्या समोर बसले होते. तिनं जेवणाला हात लावला नव्हता, पण मला वाटलं, लाजतेय.

आता ती खोपटात म्हणत होती, कुठल्या तोंडानं मरू.

मी चादर टोपलीत टाकली आणि खोपटाचं दार ढकललं. दोघं माझ्याकडे बघत राहिले. हेडली जाळ्याच्या ढिगावर बसलेला, ट्रिफी दाराशी, हात कमरेवर. तो कमरेवरचा हातही मला आधारासाठी ठेवल्यासारखा वाटला.

"किती वेळ उभी आहेस?" तिनं विचारलं.

"टर्कीपासून."

"मग सगळंच ऐकलंस."

"ट्रिफी, ते जेवण आम्ही खाल्लं, पचलं, आणि जे व्हायचं ते झालं. कोणी परत मागायला येणार नाही."

हेडली खाली बघून हसला. ट्रिफी हसली नाही.

"तुला नाही कळायचं, व्हिनी. मी परत तिकडे गेले तर ते परत तार घालणार, परत स्वच्छ म्हणणार. मग मी कोण झाले? सोंग करणारी. गावचं फुकट खाणारी. आणि खरंच माझ्या मनाचंच असलं तर? मला तरी काय माहीत?"

तिची भीती तिथं होती, हे मला तेव्हा कळलं. मरणाला ती तितकी भीत नव्हती. तिच्या छातीत जे होतं ते खरं की खोटं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं, आणि ज्यांना ठरवता यायला हवं होतं त्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं.

मी फार शिकलेली नाही. वाद घालून कोणाला पटवणं मला कधी जमलं नाही. म्हणून मी एवढंच म्हणाले, "बरं, नको जाऊस. पण रविवारी चर्चकडे जाताना माझ्या खिडकीवर वाजवतेस, तसं येतानाही वाजवायचं. नाही वाजलं तर मी वर येईन. झोपायच्या झग्यात येईन, आणि लोकांनी विचारलं तर तुझं नाव सांगेन."

"झग्यात? थंडीनं तू मरशील."

"मग माझ्यासाठी जेवण घाला."

ते तिनं कबूल केलं. त्या दिवसापासून रविवारी माझ्या तावदानावर दोनदा टकटक व्हायची, जाताना आणि येताना. येतानाची ऐकू येईपर्यंत मी चहा तोंडाला लावत नसे. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

बर्फ वितळायच्या आधीच्या एका रविवारी जातानाची टकटक झाली. येतानाची झाली नाही.

मी झग्यावर नवऱ्याचा कोट चढवला आणि टेकडी चढले. चर्चचं दार उघडं होतं. ट्रिफी शेगडीशेजारी जमिनीवर, पाठ बाकाला टेकून बसली होती. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम. शेगडी मात्र छान धडधडत होती.

"झग्यात आलीस शेवटी," ती म्हणाली.

"बोलू नकोस."

"पेटलीय बघ नीट. झडप थोडी बंद करून घे, नाहीतर लाकडं लवकर संपतील."

मी झडप बंद केली. ती केल्याशिवाय ट्रिफी जागची हलली नसती. मग मी दारात उभं राहून हेडलीच्या नावानं अशी हाक मारली की खालच्या वस्तीतले कुत्रे भुंकू लागले.

या वेळी हॉस्पिटलात दुसरी डॉक्टर होती. डॉक्टर ओबियोरा, नायजेरियाची, उंच, बोटांत अंगठी नाही, केस गच्च बांधलेले. मी आणि हेडली पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो. परत रक्त तपासलं, परत ते वाढलेलं. परत अँजिओग्राफी, परत नळ्या उघड्या. डॉक्टर आत आली तेव्हा ट्रिफीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"माहितीय मला," ती भिंतीला म्हणाली. "स्वच्छ आहे. चल रे हेडली, माझे बूट दे."

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसली. आमच्याकडे डॉक्टर असे बसत नाहीत, ते उभ्यानं बोलतात.

"मिसेस पार्डी, बूट राहू देत. नळ्या उघड्या आहेत, हे खरं. आणि हृदयाला इजा झालीय, हेही खरं. मागच्या वेळीही झाली होती. आम्ही तेव्हा चित्रावर विश्वास ठेवला आणि रक्ताला खोटं पाडलं. तसं करायला नको होतं. एक प्रश्न विचारायचा राहून गेला."

ट्रिफीनं मान वळवली. "कुठला?"

"नळी बंद नाही, मग हृदय दुखावलं कशानं? त्याची बरीच कारणं असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं लागतं. स्वच्छ म्हणून घरी पाठवणं म्हणजे कारण न शोधणं." मग ती थांबून म्हणाली, "अँजिओग्राफी केली तेव्हा नळी उघडी होती. पहाटे दुखत होतं तेव्हा ती उघडी होती, असं नाही ना होत."

हेडली इतका वेळ टोपी हातात फिरवत होता. तो एकदम म्हणाला, "म्हणजे आमच्या सिंकखालच्या पाइपसारखं. पहाटे गोठतो, पाण्याचा थेंब नाही. दुपारी प्लंबर येतो तोवर वाहायला लागलेला असतो. तो म्हणतो, पाइप उत्तम आहे, आणि वर मला वेड्यात काढतो."

डॉक्टर हसली. "बरोबर तसंच असू शकेल. पण माझ्याकडे अजून पुरावा नाही. तो शोधूया." मग तिनं ट्रिफीला विचारलं, "दुखणं कधी येतं? काम करताना?"

"काम करताना काही नाही. लाकडं वाहिली तरी काही नाही. पहाटे. थंडीत. कधी बसल्या बसल्या."

"सिगारेट?"

ट्रिफीनं छताकडे बघितलं. हेडलीनं तिच्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. चर्चच्या मागच्या भिंतीशी, शेगडी पेटल्यावर ट्रिफी एक सिगारेट ओढायची, हे गल कोव्हमध्ये सगळ्यांना माहीत होतं, हेडली सोडून. निदान तिचा तसा समज होता.

"एखादी," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं त्या धुराचा वास शेगडीचा असतो," हेडली म्हणाला, पण त्याचा चेहरा पाहून कळत होतं की त्याला कधीच तसं वाटलं नव्हतं.

"एखादीही पुष्कळ होते," डॉक्टर म्हणाली. "त्या नळ्यांना ती आवडत नाही."

मग हृदयाचा एमआरआय. त्या यंत्रासाठी थांबावं लागलं. आत जाण्याआधी केसातल्या पिना, अंगठी, कमरेच्या पट्ट्यातल्या सळ्या, सगळं काढून ठेवावं लागलं. ट्रिफी म्हणाली, एवढी रिकामी मी लग्नाच्या रात्रीही नव्हते. नर्स हसून हसून भिंतीला टेकली. यंत्रात बराच वेळ ढोल वाजल्यासारखा आवाज येतो, म्हणे. ट्रिफी आत शेगडीचा विचार करत पडून राहिली.

संध्याकाळी डॉक्टर ओबियोरानं आम्हाला ते चित्र दाखवलं. करड्या हृदयावर दोन पांढरे डाग. "हा जुना," ती म्हणाली, "पाव मळतानाचा. आणि हा ताजा, चर्चमधला."

ट्रिफी त्या चित्राकडे बघत राहिली. शेवटी तिनं बोट उचलून जुन्या डागावर ठेवलं, काचेवर.

"म्हणजे हा होता तिथं. जेवणाच्या दिवशीही."

"होता," डॉक्टर म्हणाली.

"मी त्या टेबलावर बसले होते आणि हा होता." तिनं हेडलीकडे बघितलं. "सोंग नव्हतं रे."

हेडलीनं टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. "मला काय सांगतेस," तो म्हणाला. "मी फक्त डोळे मिटून होतो."

अजून एक तपासणी राहिली होती. डागांनी एवढंच सांगितलं की हृदय दुखावलंय, कशानं ते नाही. परत तार घालायची आणि नळीत थोडं औषध सोडून बघायचं, ती आवळते का. डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं, धोका काय आहे तेही. "दुखेल," ती म्हणाली. "पण तिथंच उतरवणारं औषध देऊ. आम्ही सगळे शेजारी असू."

ट्रिफी तयार झाली. आम्हाला आत जाऊ दिलं नाही. पुढचं तिनं सांगितलेलं आहे. औषध गेलं, आणि तीच कळ आली, तोच छातीवरचा गुडघा, तोच जबडा. डॉक्टर वाकून म्हणाली, मिसेस पार्डी, हेच का? आणि ट्रिफी म्हणाली, हाच. हाच तो मेला. समोरच्या पडद्यावर नळी मुठीसारखी आवळलेली दिसत होती. मग उतरवणारं औषध दिलं, आणि मूठ उघडली, नळी परत होती तशी झाली, स्वच्छ.

"एवढं दुखत होतं आणि मी हसत होते, व्हिनी," ती मला म्हणाली. "पहिल्यांदाच कोणीतरी शेजारी उभं होतं आणि त्यांनाही ते दिसत होतं. इतके दिवस तो फक्त मलाच भेटायला यायचा."

त्या दुखण्याला नाव होतं. लांबलचक होतं. त्यातलं मला एवढंच कळलं की नळीला पेटके येतात, जसे थंड पाण्यात पायाला येतात. काळजीच्या गोळ्या बंद झाल्या. नळ्या सैल ठेवणारी गोळी सुरू झाली, आणि जिभेखाली मारायचा एक फवारा मिळाला. सिगारेट सुटली. तिच्याऐवजी ट्रिफी स्प्रूसच्या झाडाचा डिंक चघळू लागली आणि वर्षभर सगळ्यांवर चिडचिड करत राहिली.

निघताना डॉक्टर ओबियोरानं विचारलं, "तुमची गोष्ट इथल्या बाकीच्या डॉक्टरांना सांगितली तर चालेल? नाव न घेता."

"माझं नाव घेतलं तरी चालेल," ट्रिफी म्हणाली. "पण त्या पहिल्या पोरगेल्या डॉक्टरला रागावू नकोस. त्यानं मला वाईट काही सांगितलं नाही. त्याला माझं चांगलं झालेलं हवं होतं, म्हणून तो लवकर थांबला."

"तो पण त्या खोलीत होता," डॉक्टर म्हणाली. "तपासणीच्या वेळी. त्यानंच यायचं म्हटलं."

गावात परतल्यावर पहिल्या रविवारी ट्रिफी चर्चमध्ये उठून उभी राहिली. ती असं कधी करत नसे. म्हणाली, "मागच्या जेवणाबद्दल आभार. पण हृदय स्वच्छ नव्हतं. नळ्या स्वच्छ होत्या. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मलाही माहीत नव्हतं. आता दुखण्याला नाव मिळालंय."

मागून अकॉर्डियनवाला गॅरेट म्हणाला, "नाव मिळालंय तर बाप्तिस्मा करावा लागेल. म्हणजे परत जेवण."

आणि गल कोव्हमध्ये पहिल्यांदाच एका दुखण्यासाठी दोनदा जेवण झालं. या वेळी ती नीट जेवली. पुडिंग दोनदा घेतलं, ते माझं होतं म्हणून सांगते.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. पेटके अधूनमधून यायचे. फवारा मारून ती बाकावर बसायची, मग उठायची. डॉक्टरनं पहाटेच्या थंडीत बाहेर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. ट्रिफीनं ते असं पाळलं की नाका-तोंडावर लोकरीचा मफलर गुंडाळून जाऊ लागली. डॉक्टरलाही तिनं तसं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाली, निदान मफलर तरी आहे. दुसऱ्या कोणी शेगडी पेटवावी असं मी दोनतीनदा सुचवलं. तिनं विचारलं, कोण, हेडली? आणि विषय तिथं संपला. हेडलीनं पेटवलेल्या शेगडीवर तर त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता. काही वर्षांनी तो गेला. पुढे ती एकटीच राहिली, पण टेकडीवर जायचं तिनं सोडलं नाही.

मधल्या काळात पलीकडच्या खाडीवरची मेल्विना त्याच हॉस्पिटलात गेली. तीही बाईच, तीही पहाटे, तिच्याही नळ्या उघड्या. परत आल्यावर ती आमच्याकडे चहाला आली होती. सांगत होती, नळ्या उघड्या आहेत म्हटल्यावर मी कोट घालायला लागले, तर डॉक्टर म्हणाला, थांबा, आमच्याकडे आता एवढ्यावर सोडत नाहीत. लगेच एमआरआय केला. तिचं कारण वेगळं निघालं, औषध वेगळं. ट्रिफी ऐकत होती. तिनं विचारलं, "डॉक्टर कोण होता?"

"नाव विसरले. मध्यम वयाचा. कानाजवळ पांढरे केस. फार विचारतो पण."

ट्रिफीनं चहात साखर घातली, ढवळली, आणि म्हणाली, "आता नाही तो पोरगेला राहिला." बस, एवढंच. पण दिवसभर ती खुशीत होती. येताजाता माझ्या स्वयंपाकघरात डोकावत होती, काही कारण नसताना.

ती गेली त्याला आता बराच काळ झाला. दुपारी जेवणाची बशी धुऊन, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हृदयानंच गेली की वयानं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनंच सांगितलं असतं, शोधून बघा, आधीच ठरवू नका.

ती गेली तो दिवस रविवारचा होता. सकाळी बर्फ भुरभुरत होता, पहिलाच. नेहमीसारखी टकटक झाली. मी उठले, किटली ठेवली. खिडकीतून तिची पाठ दिसली, मफलर, ओच्यात ढलप्या, जरा डावीकडे झुकलेली चाल. टेकडीवर चर्चच्या धुराड्यातून आधी काळा, मग पांढरा धूर निघाला, म्हणजे नीट पेटली. किटली उकळली. मी चहा ओतला आणि कपाभोवती हात धरून बसले.

मग तावदानावर परत वाजलं.

"ऐकलं गं," मी आतून म्हणाले, आणि चहा प्यायला घेतला.